वाड्यांचे छायाचित्रण: फिल्म वापरावी की डिजिटल?

कृष्णाकाठ

मी व्यवसायाने छायाचित्रकार आहे. लग्ने, मुंजी, वास्तुशांती आणि दुकानांच्या जाहिराती ही रोजची कामे डिजिटलवर होतात आणि त्याविषयी मनात कोणताही प्रश्न नाही. प्रश्न आहे तो एका स्वतःहून अंगावर घेतलेल्या कामाचा.

वाई आणि आसपासच्या गावांतील जुने वाडे एकेक करून उतरवले जात आहेत. मेणवलीच्या नाना फडणवीसांच्या वाड्याची छायाचित्रे भरपूर आहेत, कारण तेथे पर्यटक येतात आणि चित्रीकरणेही होतात. परंतु ज्या वाड्यांना नाव नाही, ज्यांत आजही एखादे कुटुंब ओसरीवर बसून दूरचित्रवाणी पाहते, त्यांची नोंद कोणीच करत नाही. पुढील काही वर्षे सवडीने अशा वाड्यांची छायाचित्रे काढावीत, एक संच घरमालकांना द्यावा आणि एक गावातील वाचनालयाकडे सोपवावा, असा विचार आहे.

माझ्याकडे २४ मेगापिक्सेलचा फुल-फ्रेम डिजिटल कॅमेरा आहे, २४ आणि ५० मिलिमीटरची भिंगे आहेत आणि दणकट तिकाटणे (ट्रायपॉड) आहे. शिवाय व्यवसायातून निवृत्त झालेल्या एका स्नेह्यांकडून याशिका मॅट १२४जी हा दोन भिंगांचा कॅमेरा चांगल्या अवस्थेत मिळाला आहे. मन फिल्मकडे ओढ घेते. कृष्णधवल निगेटिव्ह माझ्यामागेही टिकेल, आणि एका रोलवर बाराच चित्रे असल्यामुळे मी अधिक विचार करून काढीन, असे वाटते. दुसरीकडे खर्च आहे, रोल धुण्यासाठी पुण्या-मुंबईला कुरियर करणे आहे, आणि माजघरातील अंधार आहे. ज्यांनी दोन्ही माध्यमांत गंभीरपणे काम केले आहे त्यांनी आपली मते कृपया सविस्तर मांडावीत.

आळशी_शटर

मत मांडण्यापूर्वी एक शंका. याशिकाच्या वरच्या काचेत डावे उजवीकडे आणि उजवे डावीकडे दिसते. वाड्याचे मालक "जरा डावीकडे सरका" हे किती वेळ ऐकून घेतील, याचा अंदाज घेतला आहे काय?

निळा_फिल्टर

माझे मत स्पष्ट आहे आणि ते भावनेवर नव्हे, मोजमापावर उभे आहे. याशिकाचे भिंग ८० मिलिमीटरचे आहे आणि चित्राची चौकट साधारण ५६ मिलिमीटर रुंद आहे. याचा अर्थ दहा फुटांवरून आपल्याला जेमतेम सात फूट रुंदीचा भाग मिळतो. तुमच्याच २४ मिलिमीटरच्या भिंगाने त्याच जागेवरून पंधरा फूट मिळतात. वाड्याच्या माजघरात पाठ भिंतीला टेकवून उभे राहिले तरी दहा फुटांचे अंतर मिळणे कठीण, आणि समोरच्या दर्शनी भागासाठी बोळात मागे सरकायला जागा नसते. भिंग बदलण्याची सोय या कॅमेऱ्यात नाही. म्हणजे ज्या कामासाठी तुम्ही तो घेऊन जाणार, त्या कामाच्या निम्म्या भागासाठी तो मुळात उपयोगाचाच नाही. फिल्म चांगली की डिजिटल चांगले, हा वाद त्यानंतर सुरू होतो.

दुसरे म्हणजे जवळच्या कोरीव कामाचे चित्रण. वरचे भिंग पाहते, खालचे भिंग टिपते, आणि एक मीटरच्या अंतरावर या दोघांच्या दृष्टीत जो फरक पडतो, त्यामुळे खांबावरच्या केळफुलाची कड चौकटीबाहेर जाऊ शकते.

तिसरे म्हणजे त्या कॅमेऱ्यातील प्रकाशमापक पाऱ्याच्या १.३५ व्होल्टच्या बॅटरीसाठी बनवलेला आहे. ती बॅटरी आता बनत नाही. त्या जागी साधी १.५ व्होल्टची घातली की मापन चुकते.

हायपो

निळा_फिल्टर यांचे अंतराचे गणित बरोबर आहे आणि त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. बॅटरीची अडचण मात्र मोठी नव्हे. श्रवणयंत्रात वापरतात ती ६७५ क्रमांकाची झिंक-एअर बॅटरी १.४ व्होल्टची असते आणि रबरी कड्यात बसवून चालते, फक्त हवा लागल्यावर ती काही आठवड्यांत संपते. तसेही या कामासाठी कॅमेऱ्यातला मापक वापरूच नये. हातात धरायचा वेगळा मापक घ्यावा, किंवा डिजिटल कॅमेऱ्यानेच मोजमाप करावे.

मी नागपूरला घरच्या न्हाणीघरात कृष्णधवल रोल धुतो, म्हणून कुरियरच्या भीतीबद्दल लिहितो. कृष्णधवल रोल धुण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. डी-७६ हे विकसक द्रावण घरी बनवता येते. एक लिटरमागे २ ग्रॅम मेटॉल, १०० ग्रॅम सोडियम सल्फाइट, ५ ग्रॅम हायड्रोक्विनोन आणि २ ग्रॅम टाकणखार. सल्फाइटची चिमूट आधी पाण्यात टाकावी, मग मेटॉल विरघळवावे, आणि त्यानंतर उरलेले सल्फाइट, हायड्रोक्विनोन व टाकणखार याच क्रमाने घालावे. सगळे सल्फाइट आधी घातले तर मेटॉल नीट विरघळत नाही. ग्रॅमचे दशांश दाखवणारा काटा हवा, हातमोजे हवेत आणि खेळती हवा हवी. रसायने विकणाऱ्या दुकानात हे पदार्थ सुटे मिळतात, पण बाटलीवरची शुद्धता वाचून घ्यावी.

खरी अडचण तापमानाची. तक्त्यांतील वेळा २० अंशांच्या असतात आणि आमच्याकडे एप्रिलमध्ये नळाचे पाणी ३५ अंशांना पोचते. इतक्या तापमानात द्रावण इतके झपाट्याने काम करते की टाकी भरण्या-रिकामी करण्यातल्या काही सेकंदांच्या फरकानेही निगेटिव्ह डागाळते, आणि जिलेटिनचा थर मऊ पडून सहज ओरखडतो. मी माठातल्या पाण्यात द्रावण बनवतो आणि टाकी बर्फाचे खडे टाकलेल्या घमेल्यात ठेवतो. सर्व पायऱ्यांचे पाणी एकाच तापमानाला असणे महत्त्वाचे. थंड विकसकातून काढून गरम नळाखाली धरले तर थराला बारीक सुरकुत्या पडू शकतात.

स्टुडिओवाले_आबा

हायपो यांनी माठाचा उल्लेख केला, म्हणून बोलतो. आमच्या सांगलीकडच्या स्टुडिओतही उन्हाळ्यात हाच उपाय होता, आणि माठातले पाणी प्यायचे नाही हे नव्या पोराला पहिल्या दिवशी सांगितले जाई.

आता माझ्या अनुभवाचे सांगतो. आजच्या मुलांना फिल्म म्हणजे संथ आणि चिंतनशील काम वाटते. लग्नाच्या मांडवात ते चिंतन कोठेच नव्हते. छत्तीसच्या रोलमधून अडतीस फोटो काढायचे, म्हणून रोल अंधारात चढवायचा. वरमाय तिसऱ्यांदा त्याच सासरच्या मंडळींचा फोटो काढायला सांगू लागली की नुसता फ्लॅश मारायचा आणि हसून पुढे जायचे, ही सर्व स्टुडिओंची उघड गुपिते होती. बारा चित्रे म्हणून माणूस विचार करतो हे खरे, पण तो बहुतेक वेळा पैशाचाच विचार असतो.

दुसरी गोष्ट ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून फोटो धुऊन छापणारी जी नवी मिनिलॅब यंत्रे आली, ती निगेटिव्ह आधी स्कॅन करत आणि मग लेझरने कागदावर उमटवत. म्हणजे ज्यांना लोक "खरे फिल्मचे फोटो" म्हणून अल्बममध्ये जपतात, त्यांतले पुष्कळसे अर्ध्या वाटेवर डिजिटल झालेले होते. तुम्ही आज रोल काढून स्कॅन करणार आणि वाचनालयाला फाइल देणार असाल, तर फिल्म फक्त टिपण्यापुरतीच उरते. वाचनालयाकडे नेमके काय सोपवणार, फाइल की निगेटिव्ह, हे आधी ठरवा.

चौकट

मी वास्तुरचनाकार आहे आणि जुन्या इमारतींच्या जतनाचे काम करते. आबांच्या शेवटच्या वाक्यापासून पुढे जाते.

आम्हाला वाड्याच्या छायाचित्रांकडून काय हवे असते, ते पाहा. कडीपाटातल्या तुळया किती आहेत, कोणती वाकली आहे, भिंतीचा चुना कोठे सुटला आहे, देवळीच्या कमानीत जुना रंग कोणता आणि त्यावर नंतर मारलेला ऑइल पेंट कोणता. रंग हा येथे सौंदर्याचा विषय नसून पुरावा आहे. मेणवलीच्या वाड्यातील भित्तिचित्रे कृष्णधवलात टिपली तर रेषा मिळेल, पण गेरू कोठे आणि हिरवा कोठे, हे कायमचे हरवेल. त्यामुळे फक्त कृष्णधवल फिल्मवर केलेली नोंद आमच्या दृष्टीने अपुरी आहे.

आणखी एक कारण आहे. एकमेकांवर साठ ते ऐंशी टक्के चढणाऱ्या शेकडो चित्रांवरून आता संगणकावर इमारतीचे त्रिमित प्रतिरूप बनवता येते आणि त्यावरून दर्शनी भागाचे मोजून घेतलेले रेखाचित्र काढता येते. वाडा पाडल्यानंतर कोणी त्याचा खांब किती उंच होता असे विचारले, तर उत्तर देता येते. त्यासाठी चौकटीत एक मोजपट्टी ठेवलेली असली पाहिजे. बारा चित्रांच्या रोलवर हे काम करायला कोणी निघाला तर त्याचा वाडा आणि रोल बहुधा एकाच वेळी संपतील.

आळशी_शटर

वाडाही आणि रोलही. शिवाय छायाचित्रकाराच्या घरातले बजेटही.

दूरदेशी

चौकट यांचे रंगाविषयीचे म्हणणे मान्य करूनही दुसरी बाजू मांडणे आवश्यक वाटते. मी अमेरिकेत एका संग्रहालयाच्या छायाचित्र विभागात काम करतो. येथे ऐतिहासिक इमारतींची नोंद करणारा एक सरकारी उपक्रम १९३३ पासून चालू आहे आणि त्याचे साहित्य लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जमा होते. डिजिटल कॅमेरे सर्वत्र पसरल्यानंतरही कित्येक वर्षे त्या उपक्रमासाठी ४ × ५ इंच किंवा त्याहून मोठ्या आकाराची कृष्णधवल निगेटिव्हच मागण्यात येत. कारण जुन्या आवडीचे नव्हते. नीट धुतलेल्या निगेटिव्हमधील प्रतिमा धातुरूप चांदीची असते, ती पाहायला उजेड आणि डोळा पुरतो, आणि मधल्या काळात कोणती कंपनी बुडाली वा कोणता सॉफ्टवेअर परवाना संपला, याचा तिच्यावर परिणाम होत नाही.

याच्या उलट उदाहरण द्यायचे तर कोडॅकने १९९२ मध्ये बाजारात आणलेल्या फोटो सीडीचे द्यावे लागेल. स्वतः फिल्म बनवणाऱ्या कंपनीचेच स्वरूप, त्या काळातील सर्वांत विश्वासार्ह नाव, आणि आज त्या तबकड्यांतील फाइल नीट रंगासह उघडायच्या तर खटपट करावी लागते.

मात्र हे सर्व कृष्णधवल फिल्मबद्दल आहे. रंगीत निगेटिव्हमधील प्रतिमा रंगद्रव्यांची असते आणि ती द्रव्ये खोलीच्या तापमानाला अंधारातही हळूहळू उडतात. "फिल्म टिकते" असे सरसकट म्हणणे म्हणूनच योग्य नाही.

निळा_फिल्टर

दूरदेशी यांच्या लिखाणातील एक महत्त्वाची गोष्ट मधल्या मधे राहून गेली. त्या निगेटिव्ह नियंत्रित तापमानाच्या, कोरड्या साठवणीत असतात. साताऱ्याच्या पावसाळ्यात तालुक्याच्या वाचनालयातल्या लोखंडी कपाटात असतात काय? जिलेटिन हे बुरशीचे आवडते अन्न आहे. चार पावसाळ्यांत निगेटिव्हवर जाळी धरलेली मी पाहिली आहे. चांदी टिकते हे खरे, पण ती ज्या थरात बसली आहे तो थर टिकला पाहिजे.

फाइलच्या बाबतीत निदान एवढे तरी आहे की मूळ आणि प्रत यांत काडीचाही फरक नसतो. तीन ठिकाणी प्रती ठेवा, त्यातील एक दुसऱ्या गावात ठेवा, वर्षातून एकदा तपासणी करा. निगेटिव्ह एकच असते. कपाटासकट गेली की गेली.

स्टुडिओवाले_आबा

"गेली की गेली" या विषयावर मला अधिकाराने बोलता येईल. २०१९ च्या ऑगस्टमधील महापुरात आमच्या तळमजल्यावर छातीएवढे पाणी होते. निगेटिव्हचे खोके आणि हार्ड डिस्कचे कपाट अशी दोन्ही माध्यमे शेजारीशेजारीच बुडाली, त्यामुळे कोणाची बाजू घेण्याचे मला कारण नाही.

पाणी ओसरल्यावर जे दिसले ते सांगतो. ज्या निगेटिव्ह चिखलातच वाळल्या, त्या पाकिटाला चिकटून त्यांची एकच वीट झाली आणि सोडवताना थर निघून आला. ज्या ओल्या असतानाच हाती लागल्या, त्या वाळू न देता स्वच्छ थंड पाण्याच्या बादलीत ठेवल्या, एकेक पट्टी सुटी केली, पुन्हा खळबळून दोरीला टांगली, आणि त्यांतील बऱ्याचशा आजही छापता येतात. फिल्म जन्मतःच पाण्यातून जाते, त्यामुळे तिला पाण्याचे भय कमी; भय आहे ते ओल्याने एकावर एक दाबून वाळण्याचे. हार्ड डिस्कपैकी एक मोठा खर्च करून वाचवता आली, बाकीच्या भंगारात गेल्या.

पण सर्वांत जास्त काय वाचले असेल, तर गिऱ्हाइकांच्या घरी गेलेले अल्बम. उंचावरच्या गल्लीत, दुसऱ्या तालुक्यात, कोणाच्या माहेरी. माध्यम कोणतेही असो, जे एका छपराखाली नव्हते ते वाचले. निळा_फिल्टर यांचा प्रतींचा मुद्दा मला पटतो तो यामुळे. फक्त छापील प्रतीलाही प्रत म्हणा, एवढीच विनंती आहे.

शेवंती

मी छायाचित्रकार नाही, पण ज्यांच्या वाड्यात तुम्ही तिकाटणे रोवणार त्या लोकांपैकी आहे, म्हणून लिहिते. आमचा दोन चौकी वाडा उतरवून आता तेथे सदनिका उभ्या आहेत. आमच्याकडे त्या वाड्याचे जे काही उरले आहे ते आमच्या काकांनी अ‍ॅग्फा क्लिक थ्रीवर काढलेले चौकोनी फोटो. चित्र म्हणून ते सामान्यच आहेत, काहींत काकांचे बोटही आले आहे. तरीही ते सर्वांत उपयोगी ठरले, कारण प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने महिना, साल आणि "मागील चौक, विहिरीकडून पाहताना" असे लिहिले आहे.

याउलट माझ्या भावाने वाडा पाडण्यापूर्वी चांगल्या डिजिटल कॅमेऱ्याने पुष्कळ फोटो काढले. आज ते पाहताना कोणती खोली कोणती यावरून घरात भांडण होते, आणि तारीख पाहावी तर कॅमेऱ्याचे घड्याळ लावलेलेच नव्हते. तुम्ही कोणताही कॅमेरा घ्या, पण हे लिहून ठेवण्याचे काम कोण करणार, ते आधी ठरवा.

चौकट

शेवंतीताई, आम्ही विद्यार्थ्यांना व्याख्याने देऊन जे सांगतो ते तुमच्या काकांना उपजत कळले होते. डिजिटल फाइलमध्येही स्थळ, दिशा आणि वर्णन लिहिण्याचे रकाने असतात. ते कोणी भरत नाही एवढेच. समाजमाध्यमांवरून किंवा संदेशातून चित्र पाठवले की अनेकदा हे रकाने पुसले जातात, त्यामुळे एक वेगळी वहीही ठेवावी आणि वाड्याच्या नकाशावर चित्राचा क्रमांक व कॅमेऱ्याची दिशा बाणाने दाखवावी.

हायपो

बुरशीच्या मुद्द्याला उत्तर देणे बाकी आहे. निळा_फिल्टर यांचे निरीक्षण खरे आहे, पण बुरशी धरलेल्या निगेटिव्ह बहुधा अर्धवट धुतलेल्या, हाताचे घामट ठसे उमटलेल्या आणि मऊ पीव्हीसीच्या पिशवीत बंद केलेल्या असतात. पॉलिप्रॉपिलीनची किंवा आम्लरहित कागदाची पाकिटे वापरावीत, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल ठेवावे आणि ते रंग बदलले की तव्यावर मंद आचेवर सुकवून पुन्हा वापरावे. धुण्यासाठी वाहते पाणीही लागत नाही. हायपोनंतर, म्हणजे प्रतिमा पक्की करणाऱ्या द्रावणानंतर, टाकी पाण्याने भरून पाच वेळा उलटसुलट करावी, पाणी बदलून दहा वेळा, पुन्हा बदलून वीस वेळा. ही इल्फर्ड या फिल्म कंपनीने सुचवलेली पद्धत आहे आणि पाणीटंचाईच्या गावांत ती फार उपयोगी पडते.

आता माजघराच्या अंधाराबद्दल, कारण मूळ प्रश्नात तो होता आणि त्याला अजून कोणी हात घातलेला नाही. चौकात ऊन आणि माजघरात काळोख, हे एका चौकटीत आणणे ही वाड्याच्या छायाचित्रणातील सर्वांत अवघड गोष्ट आहे. निगेटिव्ह फिल्मवर सावलीला मोजावे लागते. अंधाऱ्या कोपऱ्यातला तपशील ज्या प्रकाशमानाला (फिल्मवर पडू द्यायच्या उजेडाच्या प्रमाणाला) दिसेल ते निवडायचे आणि चौकातल्या उन्हाला फिल्मवर सोपवायचे, ती ते बऱ्यापैकी पेलते. डिजिटलवर नेमके उलटे, उन्हाला मोजायचे आणि सावली नंतर संगणकावर वर उचलायची, कारण एकदा पांढरे जळले की त्यातून काही परत येत नाही. जो माणूस एकाच दिवशी दोन्ही कॅमेरे वापरतो त्याने ही सवय मनात सतत उलटी-सुलटी करावी लागते, आणि दुपारी भूक लागल्यावर तेथेच चुका होतात.

शिवाय शटर बराच वेळ उघडे ठेवले की फिल्म उजेड टिपण्यात मंदावते. मापक दहा सेकंद म्हणाला तर इल्फर्डच्या एफपी४ फिल्मला सुमारे अठरा आणि एचपी५ ला सुमारे वीस सेकंद द्यावे लागतात. फुजीच्या अ‍ॅक्रॉसला मात्र दोन मिनिटांपर्यंत काहीच वाढवावे लागत नाही. खोलीतले दिवे बंद करायला विसरू नका. निळसर ट्यूब, पिवळा बल्ब आणि चौकातला उजेड एकत्र आले की रंगीत चित्रात कोणतीही भिंत आपल्या रंगाची राहत नाही.

निळा_फिल्टर

हायपो यांनी प्रामाणिकपणे लिहिले आहे, म्हणून मीही लिहितो. तिकाटण्यावर तीन वेगवेगळ्या प्रकाशमानांची चित्रे काढून जोडली तर ही अडचण डिजिटलवर दोन मिनिटांत सुटते, आणि सुटली की नाही ते तेथेच पडद्यावर दिसते. फिल्मवर ते घरी गेल्यावर कळते, आणि पुढच्या महिन्यात तो वाडा उभा असेल याची खात्री नसते. परत जाऊन काढता येणार नाही अशा विषयासाठी मी तरी न दिसणाऱ्या प्रतिमेवर विसंबणार नाही.

आणि त्या शिस्तीविषयी. बारा चित्रांची शिस्त हवी असेल तर पडदा बंद करा आणि मनाशी बारा मोजा. ज्याला ते जमत नाही, त्याला फिल्म फक्त महागात पाडेल. पूर्वी उटीच्या सरकारी कारखान्यात बनणारी इंदू फिल्म मिळत असे, आज तीही नाही. रंगीत रोल महाग पडतो आणि पुरवठा सातासमुद्रापलीकडच्या दोन-तीन कारखान्यांच्या मर्जीवर आहे. कोडॅकच्या कोडाक्रोम या रंगीत फिल्मचे काय झाले ते सर्वांना माहीत आहे. २००९ मध्ये उत्पादन थांबले आणि २०१० संपताना ती धुणाऱ्या जगातील शेवटच्या प्रयोगशाळेने रोल घेणे बंद केले. त्यानंतर ज्यांच्या फ्रिजमध्ये रोल राहिले, त्यांच्याकडे रंगीत चित्रे काढण्याचे साधन उरले नाही.

दूरदेशी

कोडाक्रोमचे उदाहरण येथे पूर्णपणे लागू होत नाही. त्या फिल्ममध्ये रंगद्रव्ये नसत, ती धुताना घातली जात, आणि त्या यंत्रणेवाचून ती कोणालाच रंगीत धुता येत नसे. साधी कृष्णधवल फिल्म मात्र हायपो यांच्या न्हाणीघरात धुता येते. अवलंबित्व असेल तर ते फिल्म मिळण्यापुरते आहे. ती मिळत असताना काढलेल्या निगेटिव्हला पुढे कोणाच्या मर्जीची गरज राहत नाही. तुमचा न दिसणाऱ्या प्रतिमेचा मुद्दा मात्र मला निरुत्तर करतो.

कृष्णाकाठ

सर्वांचे आभार. इतक्या तपशिलाची अपेक्षा नव्हती. आता माझे मत कोठे येऊन ठेपले ते सांगतो.

मी दोन वेगळ्या कामांना एकच काम समजत होतो, हे चौकट आणि आबा यांच्या लिखाणातून लक्षात आले. वाड्याची नोंद, म्हणजे प्रत्येक खोली, प्रत्येक भिंत, मोजपट्टीसह आणि रंगासह, ही डिजिटलवरच होईल. त्याबद्दल आता शंका नाही. फिल्म वापरायचीच तर प्रत्येक वाड्यामागे एक कृष्णधवल रोल, तोही डिजिटलचे काम पुरे झाल्यावर: दिंडी दरवाजा, चौक, आणि ओसरीवर बसलेली घरची माणसे. ८० मिलिमीटरचे भिंग माणसांसाठी उत्तम आहे आणि चौकात मागे सरकायला जागा असते. निगेटिव्ह वाचनालयात ठेवायच्या नाहीत. त्या माझ्याकडे राहतील, आणि वाचनालयाला व घरमालकांना छापील प्रती देईन, मागे पेन्सिलीने मजकूर लिहून. फाइलची एक प्रत वाईबाहेर राहील. रोल घरीच धुईन.

एक प्रश्न उरतो. छापील प्रती कोणत्या कागदावर घ्याव्यात?

निळा_फिल्टर

योजना ठीक आहे. तो एक रोल मला अजूनही अनावश्यक वाटतो, पण तो शेवटी काढणार आहात, म्हणून हरकत घेत नाही. छापील प्रतींबद्दल एवढेच की २४ मेगापिक्सेलचे चित्र ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) साधारण वीस बाय तेरा इंच होते, त्यामुळे ए३ आकारापर्यंत काळजी करण्याचे कारण नाही. सुती कागद आणि रंगकणांची शाई मागा. साध्या डाय शाईची प्रत भिंतीवर उन्हात लावली तर लवकर उतरते.

स्टुडिओवाले_आबा

कृष्णधवल प्रती मात्र जमल्यास एन्लार्जरखाली (निगेटिव्हवरून मोठी प्रत काढणाऱ्या यंत्राखाली) फायबर कागदावर कराव्यात. प्लास्टिकचा लेप असलेल्या कागदापेक्षा धुवायला वेळ जास्त लागतो आणि वाळताना तो वाकडा होतो, पण पेन्सिलीने मागे लिहिता येते. लेपाच्या कागदावर पेन्सिल धरत नाही आणि बॉलपेनचा वळ पुढे उमटतो. माझा एन्लार्जर माळ्यावर होता म्हणून पुरातून वाचला. वापरणारा मिळाला तर मला आनंदच आहे. फक्त येताना गाडी मोठी आणा.

कृष्णाकाठ

आबा, तुम्हाला वैयक्तिक निरोप पाठवला आहे. चौकट, काम मे महिन्यात सुरू करावे की पावसाळ्यानंतर?

चौकट

मे महिन्यात दुपारचे ऊन चौकात सरळ खाली उतरते आणि हायपो यांनी सांगितलेला काळोख-उजेडाचा फरक तेव्हा सर्वांत जास्त असतो, त्यामुळे आत काम करायचे तर सकाळी नऊच्या आत करा. पावसाळ्यातल्या ढगाळ दिवशी उजेड सर्वांत मऊ मिळतो आणि कौले कोठे गळतात तेही आपोआप नोंदले जाते. पण ज्या वाड्यांचा सौदा झाला आहे ते आधी घ्या, उजेड कसाही असो. त्यांची यादी गावातल्या सुतारांना विचारून करा. जुन्या सागवानाची बोलणी त्यांच्याकडे सर्वांत आधी पोचतात.